समुद्रात पंच नसतो

एकट्यानं खेळायच्या खेळात भांडण होऊ शकतं का? होतं, आणि चांगलं कडाक्याचं होतं. समोर कोणी नसल्यामुळे ते स्वतःशीच होतं एवढंच. टेबलावर पुस्तक उघडं आहे, हाताशी पेन्सिल, खोडरबर आणि दोन फासे. गोष्टीतलं तुमचं गलबत भर समुद्रात आहे, वादळ आलंय, तुम्ही फासा टाकता आणि आकडा वाईट पडतो. लगेच मनातला वकील उठून उभा राहतो. 'अरे, मागच्या बंदरात देवळात जाऊन आशीर्वाद घेतला होता ना? तो आता वापरला तर? फासा टाकायच्या आधीच वापरायला हवा असं कुठे लिहिलंय?' पुस्तक गप्प. न्यायाधीश तुम्हीच, आरोपी तुम्हीच आणि वकीलही तुम्हीच!

आजचा लेख या भांडणाच्या इतिहासावर आहे. एकट्यानं खेळायच्या साहसी पुस्तकांमध्ये समुद्रप्रवास कसा आला, त्याचे नियम जमिनीवरच्या नियमांपेक्षा जास्त घोळाचे का झाले, आणि तो घोळ सोडवायचा कसा. विषय ऐकून काही मंडळी म्हणतील की पोरखेळावर कसला इतिहास लिहितोस. पण 'नियम लिहिलेला आहे, विचारायला मात्र कोणी नाही' ही परिस्थिती आपल्या सगळ्यांच्या वाट्याला रोज येते. त्यामुळे थोडा धीर धरा.

ज्यांना ही पुस्तकं माहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. गेमबुक म्हणजे सलग न वाचायचं पुस्तक. त्यात परिच्छेदांना क्रमांक असतात. एक परिच्छेद वाचायचा, शेवटी पर्याय दिलेले असतात: डावीकडे जायचं असेल तर अमुक क्रमांक, दार फोडायचं असेल तर तमुक. सोबत एक कागद असतो, त्यावर तुमच्या पात्राची ताकद, पैसे, सामान लिहायचं. नशिबाचा प्रश्न आला की फासे. बस्स. कॉम्प्युटर नाही, दुसरा खेळाडू नाही, पंच नाही.

यातला 'पंच नाही' हा मुद्दा नीट कळण्यासाठी थोडं मागे जाऊ. मोठ्या माणसांनी गंभीरपणे खेळायच्या युद्धखेळांमध्ये पंच पहिल्यापासून होता. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या गेऑर्ग फॉन राइसविट्झ या तरुण लेफ्टनंटनं 'क्रीगस्पील' नावाचा खेळ छापला. नकाशा, सैन्याच्या सोंगट्या, फासे, भरपूर कोष्टकं आणि दोन्ही बाजूंच्या मधे बसलेला एक पंच. पुढे अधिकारी त्या कोष्टकांना कंटाळले. १८७६ मध्ये फॉन व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं उलट टोकाचा उपाय सुचवला: कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल माना. इथे एक साधा हिशोब दिसतो. पंच जितका चांगला तितके लिखित नियम कमी लागतात. हेच उलटं करून बघा. पंचच काढून टाकला तर? तर त्याच्या डोक्यात जे जे होतं ते सगळं कागदावर उतरवावं लागेल.

समुद्राचे नियमही या खेळांमध्ये जुनेच आहेत. १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रेड जेननं नौदल-युद्धाचा खेळ काढला. जगातल्या युद्धनौकांची 'जेन्स'ची जी प्रसिद्ध वार्षिकं आहेत, ती सुरू करणारा हाच माणूस, आणि तेही त्याच वर्षी. पुढे १९७२ मध्ये डेव्ह आर्नसन, गॅरी गायगॅक्स आणि माइक कार यांचा शिडांच्या जहाजांच्या लढाईचा 'डोन्ट गिव्ह अप द शिप' हा खेळ छापून आला. यातल्या पहिल्या दोघांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्याच्या तीन छोट्या पुस्तिकांपैकी तिसरीत समुद्रावरच्या लढाईचे नियम होते. म्हणजे भूमिका-खेळांच्या जन्मापासून जहाज हजर आहे. पण तिथे टेबलाच्या टोकाला खेळ चालवणारा माणूस बसलेला असायचा. नियमात फट दिसली की तो ती तिथल्या तिथे बुजवायचा.

तो माणूस पहिल्यांदा गेला १९७६ मध्ये. रिक लूमिस यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' या खेळासाठी 'बफेलो कॅसल' नावाची पुस्तिका लिहिली. एकट्यानं खेळायचं पहिलं छापील साहस ते हेच. आणि त्यात पहिली अट काय, तर फक्त नवखा योद्धा चालेल, जादूगार नको. माझ्या मते ही अट फार शहाणपणाची होती. जादूगार म्हणजे शक्यतांचा पसारा. तो उडेल, अदृश्य होईल, भिंत वितळवेल. यातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर पंचाशिवाय कोण देणार? म्हणून लूमिस यांनी प्रश्नच दारात अडवला. जागाही किल्ला निवडली. खोल्या, दारं, बोळ. १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टोन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' आलं आणि गेमबुकची लाटच आली. त्यातही डोंगराच्या पोटातली भुयारंच आहेत. मधे एक नदी लागते खरी, पण ती ओलांडायची असते, तिच्यावर राहायचं नसतं.

खोल्या आणि बोळच का? इथे माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातली एक कल्पना उपयोगी पडते. कुठल्याही प्रोग्रॅमला 'आत्ता परिस्थिती काय आहे' हे लक्षात ठेवावं लागतं. त्याला आम्ही स्टेट म्हणतो. छापील पुस्तकाला तर लक्षात ठेवता येत नाही. पण बोळात एक सोय असते. तुम्ही १७२ क्रमांकाचा परिच्छेद वाचत आहात म्हणजे तुम्ही त्या लोखंडी दाराच्या खोलीतच आहात. परिच्छेदाचा क्रमांक हाच तुमचा पत्ता. पुस्तकाला वेगळं काही लक्षात ठेवायची गरजच नाही.

समुद्रावर ही सोय मोडते, कारण तिथे तुम्ही एकटे नसता, जहाज असतं. आणि जहाजाला स्वतःचा पत्ता असतो. तुम्ही बाजारात, जहाज बंदरात. तुम्ही घोड्यावरून तीन गावं पुढे गेलात, जहाज तिथेच नांगर टाकून उभं. त्याच्या पोटात माल आहे, त्यावर खलाशी आहेत. आता पुस्तकाचा क्रमांक फक्त तुमचा पत्ता सांगतो, जहाजाचा नाही. म्हणजे एका गोष्टीऐवजी चार-पाच गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवायच्या आल्या, आणि त्या ठेवणार कोण? वाचक. समुद्राच्या नियमांवरून होणाऱ्या बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

पुढच्या वीस वर्षांत लेखकांनी या अडचणीवर वेगवेगळे उपाय केले. ते क्रमानं बघण्यात मजा आहे.

पहिला उपाय १९८५ चा. 'फायटिंग फँटसी' मालिकेतलं अँड्र्यू चॅपमन यांचं 'सीज ऑफ ब्लड'. यात तुम्ही चाचे आहात, तुमच्या जहाजाचं नाव 'बनशी'. अब्दुल द बुचर नावाच्या दुसऱ्या चाच्याशी पैज लागलीय: टाक बंदरातून निघायचं, पन्नास दिवसांत निप्पुरला पोचायचं, आणि तोपर्यंत जास्त लूट कोण जमवतो ते बघायचं. चॅपमन यांनी दोन हुशार गोष्टी केल्या. एक, दिवस मोजायला कागदावर 'लॉग'चा रकाना दिला. प्रवासात दिवस गेले की पुस्तक सांगतं, इतके वाढवा. दोन, सगळ्या खलाशांना मिळून एकच माणूस मानलं. तुमच्या स्वतःच्या कौशल्याचे आणि ताकदीचे जसे आकडे असतात, तसेच खलाशांच्या माऱ्याचे आणि बळाचे दोन आकडे. जहाजाची लढाई अगदी माणसाच्या लढाईसारखीच खेळायची. नवा नियम जवळजवळ शिकावाच लागत नाही.

आणि जहाजाच्या पत्त्याचं काय? तो प्रश्न त्यांनी येऊच दिला नाही. सगळी गोष्टच जहाजावरच्या शर्यतीची, त्यामुळे जहाज आहे तिथे तुम्ही. किनाऱ्यावर उतरलात तरी काम उरकून परत 'बनशी'वरच. म्हणजे बोळच, फक्त पाण्याचा. हे मी टीका म्हणून सांगत नाहीये. मर्यादा ओळखून आखलेला खेळ नेहमी स्वच्छ चालतो.

त्याच वर्षी अमेरिकेत एरिक गोल्डबर्ग यांचा 'टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स' हा पटावरचा खेळ आला. पट, सोंगट्या आणि परिच्छेदांचं एक जाडजूड पुस्तक. एकट्यानंही खेळता येतो. इथे जागेचा प्रश्न पटानं सोडवला. सोंगटी समुद्राच्या घरात असेल तर तुम्ही समुद्रात, संपलं. एकापेक्षा जास्त लोक असतील तर तुमचा परिच्छेद दुसरा खेळाडू वाचून दाखवतो, म्हणजे पंच अर्धामुर्धा परत आला. एकटे खेळलात तर मात्र तो परत गायब.

१९९३ मध्ये डेव्ह मॉरिस यांनी 'डाउन अमंग द डेड मेन' हे चाच्यांचं गेमबुक लिहिलं. त्यात फासेच नाहीत! तुम्ही सुरुवातीला काही कौशल्यं निवडायची. नौकानयन हे त्यातलं एक. ते तुमच्याकडे असेल तर एक पर्याय उघडतो, नसेल तर बंद. फासे नाहीत म्हटल्यावर 'पुन्हा टाकू का' हा मोहच नाही. वाद मिटवायचा हाही एक मार्ग.

आणि मग १९९५. याच डेव्ह मॉरिस यांनी जेमी थॉमसन यांच्या बरोबर 'फेबल्ड लँड्स' ही मालिका सुरू केली. इतके दिवस सगळ्यांनी टाळलेला प्रश्न या दोघांनी मुद्दाम अंगावर घेतला. मालिकेला ठरलेला शेवट नाही. एकेक पुस्तक म्हणजे जगाचा एकेक प्रदेश, आणि तुम्ही एका पुस्तकातून दुसऱ्यात चालत किंवा जहाजानं जायचं. सोकारा हे राज्य पहिल्या पुस्तकात, गोल्निर दुसऱ्यात, आणि तिसरं पुस्तक 'ओव्हर द ब्लड-डार्क सी' म्हणजे या सगळ्यांना जोडणारा समुद्र. बंदरात जा, पैसे असतील तर जहाज विकत घ्या, माल भरा, दुसरीकडे विका, बुडालात तर तुमचं नशीब.

पुस्तकाची स्मरणशक्ती त्यांनी तीन ठिकाणी ठेवली. परिच्छेदाशेजारच्या चौकटीत पेन्सिलनं खूण करायची, म्हणजे पुन्हा आलात की पुस्तकाला 'कळतं' की तुम्ही आधी आला होतात. दुसरं, सांकेतिक शब्द. पहिल्या पुस्तकातले 'ए' अक्षरापासून सुरू होणारे, दुसऱ्यातले 'बी'पासून, असे पुढे. आणि तिसरा जहाजाचा तक्ता: जहाजाचा प्रकार, नाव, खलाशी कसे आहेत, किती माल मावतो, आत्ता कुठला माल आहे आणि जहाज कुठल्या बंदरात उभं आहे. हा शेवटचा रकाना बघा. इतक्या वर्षांची अडचण एका रकान्यात सोडवली! जहाजाला स्वतःचा पत्ता मिळाला.

जहाजं तीन प्रकारची. बार्क सगळ्यात लहान, त्यात मालाचा एक नग मावतो. ब्रिगँटिनमध्ये दोन, गॅलियनमध्ये तीन. खलाशी चार प्रतींचे: वाईट, साधारण, चांगले, उत्कृष्ट. इथपर्यंत सगळं दुकानाच्या दरपत्रकासारखं वाटतं. पण पहिल्या पुस्तकातल्या वादळाचा नियम वाचला की हे आकडे जिवंत होतात. बार्क असेल तर एक फासा टाका, ब्रिगँटिनला दोन, गॅलियनला तीन. खलाशी चांगले असतील तर एक मिळवा, उत्कृष्ट असतील तर दोन. बेरीज तीन किंवा कमी आली तर जहाज बुडालं. चार-पाच आले तर डोलकाठी मोडली. सहापासून वीसपर्यंत काहीही आलं तर निभावलं.

आता जरा गणित करू, सवयीचा गुलाम. साधारण खलाशी घेऊन बार्कमधून निघालात तर वादळात बुडण्याची शक्यता सहापैकी तीन, म्हणजे निम्मी. ब्रिगँटिनला छत्तीसपैकी तीन, म्हणजे बारात एक. गॅलियनला दोनशे सोळात एक! आता खलाशी उत्कृष्ट घ्या. बार्क सहात एकदा बुडते, आणि ब्रिगँटिन बुडूच शकत नाही, कारण दोन फाशांची सगळ्यात लहान बेरीज दोन, त्यात दोन मिळवले की चार. मोठं जहाज घेणं परवडत नसेल तर मधलं घ्या आणि माणसं चांगली ठेवा. मला हा सल्ला फक्त खेळापुरता वाटत नाही.

पुढचा नियम तर अंगावर येतो. जहाज बुडालं की आधी जहाज, खलाशी, माल सगळं तक्त्यावरून खोडायचं. मग स्वतःच्या जिवासाठी दोन फासे टाकायचे. बेरीज तुमच्या रँकपेक्षा जास्त आली तर तुम्ही बुडालात. रँकइतकी किंवा कमी आली तर एखादी फळी सापडून किनाऱ्याला लागलात. पहिल्या पुस्तकात तुमची सुरुवात रँक एकवर होते. दोन फाशांची बेरीज एक येऊच शकत नाही. म्हणजे नवखा माणूस बुडाला की मेलाच. नियमात कुठेही 'नवख्यांना जगण्याची संधी नाही' असं वाक्य नाही, तरी अर्थ तोच. रँक दोनला छत्तीसात एक, रँक तीनला बारात एक.

यावर दोन इलाज ठेवलेत. एक म्हणजे आल्विर आणि व्हाल्मिर या समुद्राच्या जुळ्या देवांचा आशीर्वाद. तो असेल तर एक वादळ बिनघोर पार होतं, पण वापरला की खोडायचा. दुसरा म्हणजे एखाद्या देवळात पैसे भरून मेल्यावर पुन्हा जिवंत व्हायची सोय करून ठेवणं. तीसुद्धा एका वेळी एकच. आपल्या भाषेत पहिला म्हणजे नवस आणि दुसरा म्हणजे विमा :-)

कोकणातल्या माणसाला या सगळ्यात एक गोष्ट खटकेल. या समुद्राला ऋतूच नाही. वादळ कधीही, फाशावर. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचा सगळ्यात मोठा नियम पंचांगात असतो. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग पुन्हा दर्यात उतरायचं. शिडाच्या काळात तर अरबी समुद्र ओलांडायचं सगळं वेळापत्रकच मोसमी वारे ठरवायचे. ईशान्येचा वारा इकडून नेणार, नैऋत्येचा परत आणणार. लहान होडीवाल्या तांडेलाला माहीत असतं की वादळात आपली होडी टिकणार नाही, म्हणून तो फासा टाकायला जातच नाही, घरी बसतो. खेळातल्या बार्कवाल्याला घरी बसायचा पर्याय नाही. त्याच्याकडे फक्त देऊळ आहे.

असो. आता मूळ मुद्दा. इतका विचार करून लिहिलेल्या नियमांवरही प्रश्न पडतात. नेहमीचे काही घेतो, आणि त्यांची उत्तरं कुठून काढायची तेही सांगतो.

पहिला प्रश्न: मी दुसऱ्याच्या जहाजातून प्रवासी म्हणून गेलो तर माझं जहाज कुठे? उत्तर: जिथे लिहिलंय तिथेच. बंदराचा रकाना हाच एकमेव पुरावा. त्यामुळे बंदरात शिरताच पहिलं काम म्हणजे तो रकाना भरणं, बाजारात जाणं नंतर. नंतर आठवून लिहायला गेलात की मनातला वकील जहाज सोयीच्या बंदरात नेऊन ठेवतो.

दुसरा: दोन जहाजं ठेवता येतात का? तक्त्यात एकापेक्षा जास्त ओळी आहेत, म्हणजे येतात. पण तुम्ही एक, त्यामुळे एका वेळी हलणार एकच. आणि माल जहाजाचा असतो, मालकाचा नाही. या जहाजातलं धान्य त्या जहाजातून विकता येत नाही.

तिसरा: अंगावर बाळगायच्या वस्तूंना बाराची मर्यादा आहे, मालाचे नग त्यात धरायचे का? नाही. तलवार तुमच्या यादीत, लाकूड जहाजाच्या तक्त्यात. दोन वेगळे कागद म्हणजे दोन वेगळी कोठारं.

चौथा: खलाशी वाईट असतील तर एक वजा करायचा का? तर्काला धरून वाटतं, करावा. पण नियमात मिळवण्याचं लिहिलंय, वजाबाकीचं नाही. पंच असता तर त्यानं कदाचित वजा केलाही असता. पंच नाही, म्हणून जे लिहिलेलं नाही ते नाही. आणि इथे नियमाची शेवटची ओळ साक्षीला येते. 'सहापासून वीसपर्यंत' यातला वीस कुठून आला? तीन फाशांचे जास्तीत जास्त अठरा, अधिक उत्कृष्ट खलाशांचे दोन. म्हणजे लेखकाच्या डोक्यात यापेक्षा जास्त काही मिळवायचं नव्हतं. कोणी म्हणालं की माझी आणखी कुठली जादूही मिळवतो, तर कोष्टकच त्याला नाही म्हणतं. नियम अस्पष्ट वाटला की त्याच्या कोष्टकाच्या कडा बघाव्यात. तिथे लेखकाचा हेतू सापडतो.

पाचवा, म्हणजे सुरुवातीचाच: आशीर्वाद फासा टाकल्यावर वापरता येतो का? परिच्छेद नीट वाचा. आधी वाक्य येतं, आशीर्वाद असेल तर तो खोडा आणि वादळ विसरा. मग वाक्य येतं, नसेल वापरायचा तर फासे टाका. वाक्यांचा क्रम हाच अंमलाचा क्रम. फासा हातातून सुटला की आशीर्वादाचं दार बंद. बुडण्याच्या नियमातही तेच. आधी जहाज खोडायचं, मग जिवाचा फासा. त्यामुळे मेल्यावर देवळात जिवंत झालात तरी जहाज परत येत नाही, कारण ते तुम्ही जिवंत असतानाच खोडलेलं असतं.

या पाच उत्तरांमध्ये मी एकही नवा नियम घातलेला नाही. सगळं पुस्तकातच होतं. रकाने, ओळींची संख्या, वाक्यांचा क्रम, कोष्टकाच्या कडा. आणि एक गोष्ट जी पुस्तकात नसते, ती म्हणजे निर्णय फाशाच्या आधी घेणं. खरोखरच दोन अर्थ निघत असतील तर कुठलाही एक निवडा, हरकत नाही. पण आकडा बघायच्या आधी निवडा आणि पुढच्या वेळीही तोच पाळा. आकडा बघितल्यावर लावलेला अर्थ बरोबर असला तरी त्याला नियम म्हणत नाहीत, सवलत म्हणतात.

आता या समुद्राच्या इतिहासातला सगळ्यात चटका लावणारा भाग. मालिकेत बारा पुस्तकं येणार होती. १९९५ आणि १९९६ मध्ये मिळून सहा आली आणि मालिका थांबली. गेमबुकची लाटच ओसरली होती. 'फायटिंग फँटसी'चं पफिनमधलं शेवटचं पुस्तकही १९९५ चंच. पण छापून झालेल्या पुस्तकांमधल्या समुद्राला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या पुस्तकात तुम्ही दक्षिणेला जहाज हाकता, पिसांच्या देशाचा किनारा जवळ येतो आणि पुस्तक सांगतं: 'द सर्पंट किंग्ज डोमेन' या पुस्तकातला अमुक क्रमांक वाचा. ते सातवं पुस्तक होतं. छापलंच गेलं नव्हतं. अशा वेळी नियम एकच: पुस्तक जवळ नसेल तर मागे फिरा.

कितीतरी वाचकांनी अशी जहाजं मागे फिरवली असतील. समोर किनारा आहे, नकाशात नाव आहे, क्रमांकसुद्धा दिलाय, फक्त जमीन अजून लिहिलेली नाही.

२०१५ मध्ये वाचकांनी वर्गणी भरून ते पुस्तक उभं केलं आणि २०१८ मध्ये ते हातात आलं. लिहिलं पॉल ग्रेस्टी यांनी. त्यांचं काम किती अवघड होतं ते आमच्या क्षेत्रातल्या लोकांना चटकन कळेल. दोन दशकांपूर्वी छापलेल्या पुस्तकांनी क्रमांक आधीच जाहीर करून ठेवले होते. अमुक क्रमांकावर अमुक किनारा लागला पाहिजे. नवं पुस्तक जुन्या वचनांना बांधलेलं. जुन्या सिस्टिमला जोडून नवा कोड लिहितात तसं, फक्त इथे जुनी सिस्टिम लोकांच्या कपाटात कागदावर होती, दुरुस्त करायची सोय नाही. तरी १९९५ चं जहाज २०१८ च्या किनाऱ्याला लागलं. त्या काळात एखाद्यानं कागद जपून ठेवला असेल, बंदराचा रकाना इमानदारीनं भरलेला असेल, तर त्याचं जहाज अजूनही नेमक्या त्याच बंदरात उभं होतं. नियम स्पष्ट ठेवायचे ते कशासाठी, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

२०२२ मध्ये 'फेबल्ड लँड्स' कॉम्प्युटरवरही पूर्ण खेळ म्हणून आला. वर सांगितलेल्या पाच प्रश्नांपैकी एकही तिथे विचारावा लागत नाही. जहाज कुठे आहे ते मशीनला माहीत असतं, माल तेच मोजतं, फासे तेच टाकतं. पंच परत आला, आणि असा की जो कंटाळत नाही आणि ऐकतही नाही. दिवसभर अशाच पंचांना नियम शिकवून पोट भरणारा मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण कागदी पुस्तकातल्या त्या वादळात जे एक मिनिट असतं ते मशीनमध्ये नाही. फासा पडलेला आहे, तीनच आलेत, खोलीत दुसरं कोणी नाही. आशीर्वाद अजून कागदावर शाबूत आहे, आणि तो आधी खोडला होता असं म्हटलं तर जगात कोणालाही कळणार नाही. अशा वेळी पेन्सिल उचलून बार्क, खलाशी आणि भरलेला माल एकेक करून खोडायचा. रँक एक आहे, पुढचे दोन फासे टाकण्यातही अर्थ नाही हे माहीत असतं.

तरी टाकायचे. नियमात तसं लिहिलंय.